फॉर्मातले दोन प्रश्न

गावातली आरोग्य कार्यकर्ती आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याची पाहणी करणारा जो सी-बॅक फॉर्म भरते, त्याच्या शेवटी मनाविषयीचे दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का? उदास, निराश वाटलं का? उत्तरांच्या गुणांची बेरीज ३ च्या वर गेली की त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे (सीएचओ) नाहीतर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं. तिशी ओलांडलेल्या सगळ्या गावाला हे विचारणाऱ्या आशाताईला मात्र हे कुणी विचारत नाही. आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून माझं खरं काम तिथून सुरू होतं, रजिस्टरं त्यानंतर.

आमच्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातली कितीतरी कुटुंबं उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात, तेव्हा आठवा महिना लागलेली एखादी बाई गरोदरपणाच्या तपासण्यांचं कोरं कार्ड घेऊन दारात उभी असते. अशाच एकीचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालं. सासूनं सगळा राग आशाताईवर काढला. आशाताई येऊन माझ्याजवळ बसली. "ताई, माहंच चुकलं. मी काही कामाची नाही."

"असं नको म्हणू गं," हे पटकन तोंडात येतं. त्यानं विचार जात नाही, ती बोलायची तेवढी थांबते. मी म्हटलं, "आपण कामाचे नाही, असा विचार आलाय मनात. आलाय तर बसू दे त्याला. आता सांग, तिला दवाखान्यात कसं न्यायचं?" तिनं पदरानं डोळे पुसले, डायरी काढली, त्या बाईच्या नवऱ्याचा नंबर शोधला. आवाज कापत होता, पण मुक्काम, गाडी, सोबत कोण, सगळं तिनं त्या एका फोनवर ठरवलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून जी उपचारपद्धती घडवली, तिच्यात याला मानसिक लवचिकता म्हणतात. नकोशा भावनेला हुसकावत बसायचं नाही. ती असतानाच आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करायचं. याचा अर्थ बाईला हवं तितकं वाकवता येतं, असा मात्र कुणी काढू नये. सोसणं आमच्या बायांना शिकवावं लागत नाही. "आज माझ्याच्यानं होणार नाही," हे न अपराधी वाटता म्हणता येणं, हीही लवचिकताच, आणि तीच शिकवायला मला सगळ्यात जड जाते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याचं मूळ कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणात दाखवलं. आशा कागदोपत्री स्वयंसेविका, मोबदला अंशतः कामागणिक. तो महिनोन्‌महिने थकला, तर दीर्घ श्वास घ्यायला सांगून भागत नाही. मोबदला वेळेवर देणं हाही मनाचाच उपचार आहे.

अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मासिक बैठकीत आकडे मागण्याआधी तेच दोन प्रश्न आशांना विचारा आणि कुणाची बेरीज ३ च्या वर गेली तर तिलाही पाठवा. आणि आशाताईंनो, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक गावाला देता, तसा स्वतःसाठीही डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.