भुरीची माघार

आमच्या चारठाण्यात कुत्रं पाळत नाहीत, ते असतं. गल्लीत जन्मतं, चार घरच्या भाकरीवर वाढतं, रात्री अनोळखी माणसावर भुंकतं आणि दुपारी देवळाच्या गार दगडावर झोपतं. गावात जुनी हेमाडपंती देवळं बरीच, त्यामुळे गार दगडांना तोटा नाही. अशा गावात मी फाट्यावरून एक कुत्री पोत्यात गुंडाळून घरी आणली आणि ओसरीत ठेवली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "नोकरी घरून करतोस ते ठीक हाये बाबा, आता कुत्र्याचा दवाखानाबी घरूनच का?"

तिच्या गळ्यात वायर रुतली होती. ती लहान असताना कुणीतरी बांधली असणार. कुत्री वाढली, वायर वाढली नाही. तीन दिवस ती मेल्यासारखी पडून होती. चौथ्या दिवशी अंगात जीव आला आणि तिने दात दाखवले. मग माणूस दिसला की अंगावर जायची. रंगावरून आजीने तिचं नाव ठेवलं भुरी. गल्लीने ठेवलं पिसाळलेली.

हे दुसरं नाव धोक्याचं होतं. रेबीज झालेलं कुत्रं लक्षणं दिसू लागल्यावर साधारण १० दिवसांत मरतं. भुरी खात होती, पाणी पीत होती, १० दिवस गेले तरी धडधाकट होती. पशुवैद्यांनी आधी तिचं दुखणं शोधलं. गळ्याची जखम होतीच, कानही आतून चिघळला होता. दुखणाऱ्या जागी हात गेला तर गायसुद्धा लाथ मारते, हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. औषधं झाली, रेबीजची लस झाली. दुखणं कमी झालं, भीती नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती बाबांच्या पोटरीला चावली.

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुतली आणि बाबांना सरकारी दवाखान्यात नेलं. जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिन दिलं आणि लसीच्या तारखा कागदावर लिहून मिळाल्या: आज, मग तिसरा, सातवा आणि २८ वा दिवस. घरी येताना बाबा म्हणाले, "अठ्ठाविसाव्या दिवशी माझी शेवटची सुई. तवर बघ. फरक नाही पडला तर हे कुत्रं घरात नको."

बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, तारखेचे पक्के. आणि खेड्यात 'नको' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. कुणीतरी पोत्यात घालून मोटारसायकलवरून दुसऱ्या शिवारात सोडून येतो. नाहीतर भाकरीत काहीतरी घालतो.

मी वही केली. काय दिसलं, किती पावलांवर, भुरीने काय केलं, असे तीन रकाने. आठवड्याभरात दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे, भुरी अचानक अंगावर जात नव्हती. त्याआधी ती नाकावरून जीभ फिरवायची, झोप नसताना जांभई द्यायची, मान वळवायची. मग अंग ताठ व्हायचं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायचा, गुरगुर सुरू व्हायची. तुरिद रुगास या नॉर्वेच्या प्रशिक्षक बाईंनी कुत्र्यांच्या अशा खुणांवर पुस्तकच लिहिलं आहे. आपल्याला मात्र थेट भुंकणंच ऐकू येतं. आणि गुरगुरल्यावर फटका मारला तर कुत्रं फक्त गुरगुरायचं थांबतं, भ्यायचं थांबत नाही. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं.

दुसरी गोष्ट अंतराची. माणूस वीस पावलांवर असला तर भुरी नुसती बघायची. बारा पावलांवर ताठ व्हायची. सहावर झेप. दूधवाला यायचा, ही भुंकायची, तो निघून जायचा. तो तसाही जाणारच होता, पण तिच्या हिशेबात भुंकल्यामुळे संकट टळलं होतं. रोज दोनदा हा धडा पक्का होत होता.

मग आम्ही वीस पावलांवरूनच सुरुवात केली. पहाटे देवळाजवळच्या कोरीव दगडी स्तंभाकडे जायचो, कारण तिथं मोकळी जागा भरपूर आणि माणसं तुरळक. लांबून माणूस दिसला की भाकरीचा तूप लावलेला तुकडा. माणूस दिसेनासा झाला की तुकडे बंद. क्रम महत्त्वाचा होता: आधी माणूस, मग तूप. पावलोव्हच्या कुत्र्यांना अन्नाची खूण मिळताच लाळ सुटायची, ते शाळेत शिकलो होतो. तेच तत्त्व भीतीवरही चालतं. जे दिसल्यावर छातीत धडधडायचं, ते दिसल्यावर हळूहळू तोंडाला पाणी सुटायला लागतं. फक्त ते इतकं लांब हवं, की कुत्र्याला खाण्याची शुद्ध राहील. भुरीने तुकडा नाकारला की समजायचं, आपण फार जवळ आलो.

तूप का, तर आजी माळकरी. घरात अंडं चालत नाही. तिने नामदेवांची गोष्ट काढली: कुत्र्याने कोरडी भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे, आणि हिंगोली १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. त्यामुळे आजीला ते घरचेच वाटतात. मी म्हणालो, "आजी, भेलेल्या कुत्र्यामागं धावलं तर ते अजून भेतं." ती म्हणाली, "मग तू बस. वाटी घेऊन बस, येईल तवा येईल."

मी बसलो. तिच्याकडे पाठ करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, ऑफिसच्या मीटिंगा ओसरीत करत.

कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात अनोळखी माणूस दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवायचा. जी कुत्री पुढं आली, त्यांतली सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेली, कुणी शिकवलेलं नसताना. पण जवळपास निम्मी कुत्री पुढं आलीच नाहीत. ती बावरलेली होती. भुरी त्या निम्म्यांतली. तिला माणसाची खूण कळत नव्हती असं नाही. खूण करणाऱ्या हातावर तिचा विश्वास नव्हता.

खरं अवघड काम गल्लीत होतं. शहरात दार लावून घेता येतं. आमच्याकडे दार दिवसभर उघडं आणि ओसरीतून कुणीही आत. मी काकूंना सांगितलं, की येताना लांबूनच हाक मारा, तिच्याकडे बघू नका आणि डब्यातला एक तुकडा तिच्या दिशेने टाका. पोरांना सांगितलं, की तिच्यासमोर पळायचं नाही आणि दगडाला वाकायचं नाही. आपल्याकडे नुसतं खाली वाकलं तरी कुत्री पळतात, कारण वाकण्यामागून काय येतं ते त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

भुरीला जाळीचं मुसकं आणलं तेव्हा काकू हळहळल्या, "मुक्या जनावराचं तोंड बांधतोस?" बाबाच म्हणाले, "कोळपताना बैलाला बांधतोच की." ते मुसकं ढिलं होतं; त्यातून तिला तोंड उघडून धापा टाकता यायच्या, पाणी पिता यायचं. परभणीच्या उन्हात हे लागतंच, कारण कुत्रं धापा टाकूनच गार होतं. मुसक्यामुळे माणसांची भीती कमी झाली. माणसं सावकाश चालायला लागली, त्यांचे हात खाली राहिले, आवाज उतरले. आणि तेवढ्याने भुरीला अर्धं बरं वाटलं. ती आम्हाला भीत होती आणि आम्ही तिला. तिचं शिकून झाल्यावर गल्ली निवळेल असं मी धरून चाललो होतो. आधी गल्ली निवळली.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाबा सुई घेऊन आले. भुरी ओसरीत लांब दोरीने बांधलेली होती, मुसकं घातलेलं. बाबा सात-आठ पावलांवर थांबले. ती उठली, ताठ झाली, जीभ नाकावरून फिरली. मग तिने मान वळवली आणि आजीच्या बाजेमागं जाऊन बसली.

"पळाली की," बाबा म्हणाले.

"हेच शिकवत होतो."

बाबा जरा वेळ उभे राहिले. मग दारातल्या डब्यातून एक तुकडा घेऊन बाजेच्या दिशेने टाकला आणि आत गेले. पुढची तारीख त्यांनी दिली नाही.

याला आता सव्वा वर्ष होतंय. दरम्यान, २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दलचा आधीचा आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत. माझ्या फोनवर दोन्ही बाजूंचे मेसेज येत राहिले. पोराला कुत्रं चावलेल्या आईचा राग मला खोटा वाटत नाही. बाबांची पोटरी मी धुतली आहे. पण त्या आदेशातल्या 'आक्रमक' या शब्दापाशी मी दर वेळी अडखळतो. सहा पावलांवरची भुरी आक्रमक होती. तेव्हाच वीस पावलांवरची भुरी नुसती बघत होती.

ती लाडकी वगैरे झालेली नाही. परक्याने हात लावलेला तिला अजून चालत नाही, आणि तो लावू दिला जात नाही. पोळ्याला वाजंत्री येते, दिवाळीत फटाके. त्या दिवशी ती आतल्या खोलीत, दार लावून. पण दूधवाला आला की आता ती भुंकत नाही. उठते, त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे. तुकडा मिळाला तर खाते. आणि जवळ यावंसं वाटलं नाही तर बाजेमागं जाते, जिथं कुणीही तिच्यामागं जात नाही.