कोर्टाचा कागद घरी आला, तर...

रायपूरच्या तात्यापारा भागातील एका जुन्या घराची कडी भर दुपारी वाजली. काकूंनी दार उघडले. बाहेर कोर्टाचा माणूस उभा होता. 'अम्मा, अदालत का समन है, दस्तखत कर दीजिए,' तो म्हणाला. काकूंच्या हातापायांतले बळच गेले. यजमानांना जाऊन दीड वर्ष झाले होते. एकुलती मुलगी लग्न होऊन नागपूरला. 'आम्हाला नको तुमचा कागद,' म्हणत त्यांनी दार लावून घेतले.

त्या माणसाने शेजारच्या दोघांच्या देखत समन्सची प्रत दारावर चिकटवली आणि तो निघून गेला. काकूंनी ती ओरबाडून काढली व देवघराच्या फळीखाली सारली. आपण सही केलीच नाही, तेव्हा दावाही लागू नाही, असा त्यांचा भाबडा समज होता.

दावा सख्ख्या दिरांनी लावला होता. घर सासऱ्यांनी बांधलेले. त्यांच्या मागे दोन मुलगे वारस. काकूंच्या यजमानांनी मुलीच्या लग्नाच्या वेळी धाकट्या भावाकडून चाळीस हजार रुपये घेतले होते आणि एका साध्या कागदावर सही करून दिली होती. त्याच कागदाच्या आधारे 'थोरल्याने आपला हिस्सा सोडला, आता संपूर्ण घर माझे. वहिनींनी ते रिकामे करून द्यावे,' अशी दिरांची मागणी होती.

दिवाणी दावा काही एका दिवसात उभा राहत नाही. घर ज्या कोर्टाच्या हद्दीत असेल, तिथेच तो लावावा लागतो. दाव्याच्या अर्जात कोणाविरुद्ध, काय घडले, कधी घडले, मालमत्तेची किंमत किती आणि कोर्टाने नेमके काय द्यावे, हे सारे लिहावे लागते. किमतीनुसार कोर्ट फी भरायची, कागदपत्रे जोडायची आणि लिहिलेले खरे असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. मग समोरच्याला समन्स निघते. दिरांनी हे सगळे रीतसर केले होते. रीत चुकली होती ती काकूंची.

तीन आठवड्यांनी भजनी मंडळातील एक मैत्रीण घरी आली. बोलता बोलता काकूंनी तो चुरगळलेला कागद बाहेर काढला. मैत्रिणीचे यजमान कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. समन्स नाकारले, तरी ते बजावले गेले असेच धरले जाते. दुसऱ्या दिवशी कोर्टात चौकशी केली, तेव्हा हजर राहण्याची तारीख उलटून गेल्याचे आणि दावा काकूंविरुद्ध एकतर्फी चालवण्याचा हुकूम झाल्याचे कळले. एकतर्फी म्हणजे दिरांना पुरावा द्यावा लागणारच, पण त्यांना उलट प्रश्न विचारणारे कोणी नाही. घर जायला एवढे पुरे!

वकिलाची फी कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. काकूंनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. मिळालेल्या वकीलबाईंनी पुढच्याच तारखेला 'गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हती' असा अर्ज दिला. न्यायाधीशांनी पाचशे रुपये खर्च भरायला लावून एकतर्फीचा हुकूम मागे घेतला.

आता उत्तर द्यायचे होते. महाराष्ट्रात ज्याला कैफियत म्हणतात, त्याला रायपूरच्या कोर्टात 'जवाब-दावा' म्हणतात. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत तो द्यावा, कारणे दाखवून फार तर नव्वद दिवसांपर्यंत, असा नियम. तीस दिवस केव्हाच उलटले होते. नव्वदात मात्र अजून अवकाश होता.

वकीलबाई दाव्यातला एकेक परिच्छेद वाचून दाखवू लागल्या. 'जे तुम्ही स्पष्टपणे नाकारणार नाही, ते तुम्ही कबूल केले असे धरले जाईल,' त्यांनी बजावले. काकू रागाने म्हणाल्या, 'मग लिहा, सही यांची नाहीच. पैसेही घेतले नाहीत.'

'सही त्यांची आहे का?'

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, 'आहे.'

'मग तसेच लिहू. जवाबाखाली खरेपणाची सही तुम्ही करणार आहात. खोटे पकडले गेले, तर खरे सांगितलेलेही कोणी मानणार नाही.'

जवाबात लिहिले गेले: सही खरी, चाळीस हजार घेतले हेही खरे, पण ते हातउसने होते, हिश्शाची किंमत नव्हे. शिवाय घराचा हिस्सा सोडण्याचा कागद नोंदणीकृत असावा लागतो. साध्या कागदाने घराची मालकी बदलत नाही.

तो जवाब वाचून दिरांच्याही वकिलाचा सूर बदलला, असे काकूंना वाटते. कोर्टाने आता दोघांना मध्यस्थीसाठी पाठवले आहे. तिथे जमले, तर तडजोडीचा हुकूमनामा होईल. नाहीच जमले, तर वादाचे मुद्दे ठरतील, साक्षी होतील, उलटतपासणी होईल आणि मग निकाल. वर्षे लागतील, याची काकूंनी मनाशी तयारी केली आहे. मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीत त्यांनी दिरांना एवढेच म्हटले, 'भाऊजी, तुमचे चाळीस हजार मी बुडवणार नाही. पण छप्पर मागू नका.' दिरांनी मान खाली घातली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पुढची तारीख हल्ली मोबाईलवरही दिसते. काकू मात्र ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लाल पेनाने लिहून ठेवतात. परवा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना त्या सांगत होत्या, 'कोर्टाचा कागद आला, तर घाबरून दार लावू नका गं. घ्या, तारीख वाचा आणि त्याच दिवशी वकील गाठा.'