साक्षीचा शेवट

आम्हां मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष' हा शब्द कोर्टापेक्षा घरात अधिक चालतो. कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमावे, दोन गीते म्हणावीत, शास्त्रपाठ व्हावा आणि मग एखाद्याने उठून आपल्यावर काय प्रसंग गुदरला नि देवाने त्यातून कसे तारले हे सांगावे, ही साक्ष. सांगणाऱ्याला मोकळे वाटते, ऐकणाऱ्याला धीर येतो. मात्र साक्षीचा शेवट गोड व्हावा असा एक अलिखित दंडक पडून गेला आहे. आजारी माणूस उठून बसला, गेलेली नोकरी परत मिळाली, की साक्ष सोपी. पण ज्याचे माणूस परत आलेच नाही, त्याने काय सांगावे?

आम्ही सारसोळ्याला राहतो. खाडीकाठचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. सिडकोचे नेरूळ त्याच्याभोवती वाढले आणि पोटापाण्यासाठी आमच्यासारखे लोक इथे आले. इथल्याच एका घरगुती प्रार्थनेत एक बाई साक्ष द्यायला उठल्या. तरुण मुलगा जाऊन तीन महिने झाले होते. "प्रभूने केले ते चांगलेच केले," एवढे त्या म्हणाल्या आणि पुढे शब्द फुटेना. सगळे खाली पाहू लागले. तेव्हा कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, चांगलं काय झालं ते राहू दे. पोरगा कसा होता ते सांग."

मग बाई बोलू लागल्या. पोरगा पेटी वाजवायचा, पण एक सूर हटकून चुकवायचा, आणि वर आईलाच म्हणायचा, "तू बेसूर गातेस!" आम्ही सारे खळखळून हसलो. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळले. पदराने डोळे पुसून त्या बसल्या, त्या वेळी त्यांचा चेहरा पहिल्यापेक्षा निवांत दिसला.

ही रीत आपल्याला नवी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून संसार मोडला. बहिणीच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. एवढे भोगलेल्या बाईने केवळ दुःखाचे पाढे वाचले असते, तर तिला कोण नावे ठेवणार होते? किंवा 'शेवटी सारे बरे झाले' म्हणून मधली वर्षे दोन ओळींत उरकता आली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. वडिलांचे सोवळ्याचे वेड, टिळकांचा रागीट नि भोळा स्वभाव, स्वतःची फजिती, सारे त्या मिस्किलपणे सांगतात. पण ज्या रात्री रडल्या, त्या रात्री रडल्या असेच लिहितात. त्यांचा विनोद दुःखावर पांघरूण घालीत नाही. म्हणून तर ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काडीचा संबंध नाही अशा घरांतूनही ते पुस्तक वाचले गेले.

शुभवर्तमानात लाजराची गोष्ट आहे. हा मित्र थोड्याच वेळात थडग्यातून बाहेर येणार हे येशूला ठाऊक होते. तरीही तिथे पोचल्यावर, त्याच्या बहिणींचा शोक पाहून, तो आधी रडला. मला हा 'आधी' फार मोलाचा वाटतो. आशा आहे म्हणून अश्रूंना रजा मिळत नाही. रडणाऱ्याला "श्रद्धा कमी पडली" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा.

सुखदुःखाचा तोल म्हणजे तराजूत दोन्ही सारखे घालणे नव्हे. जे झाले ते खरे सांगावे. त्यात हसू असले तर ते दाबू नये आणि नसले तर उसने आणू नये. ऐकणाऱ्यानेही शेवटाची घाई करू नये.

आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल तिथे दिवाळीचे तळण होत नाही. शेजारपाजारचे लोकच फराळाचे ताट नेऊन देतात. ताट देताना कुणी "दुःख विसरा" म्हणत नाही. ताट ठेवतात, थोडा वेळ बसतात, गेलेल्याला चकली किती आवडायची याची आठवण निघते. ही साक्षच आहे. फक्त तिला कुणी साक्ष म्हणत नाही.