साल्वादोरच्या दस्तरखानावर

ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील साल्वादोर या बंदरात जेवताना कोकण आठवते. ‘मोकेका’ म्हणजे नारळाचे दूध, टोमॅटो, कोथिंबीर आणि लालसर पामतेलात मातीच्या भांड्यात शिजवलेली मासळी. रिओ व्हर्मेल्योच्या चौकात पांढऱ्या पोशाखातल्या बायका चवळीचे वडे, ‘अकाराजे’, तळतात. आत सुकी कोळंबी भरतात. ज्या हनफी घरांत कोळंबी खात नाहीत, त्यांनी सारणाविना नुसता वडा मागावा. सारणातही ती वाटलेली असते. ‘फेजोआदा’ मात्र टाळावी, तीत बहुधा डुकराचे मांस असते.

हे वडे इथे आणले ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी. त्यांत मुसलमानही होते. १८३५ च्या रमजानमध्ये ते याच शहरात स्वातंत्र्यासाठी उठले. बिस्मिल्लाह म्हणताना त्यांच्यासाठीही दुआ करावी.