भाड्यातून कापले गेलेले 9,360 रुपये

चि. मनूस,


भाडं तीस हजार ठरलेलं असताना एनआरओ खात्यावर 20,640 च कसे आले, भाडेकरू फसवतोय का, असं तू विचारलंस. मनू, तो फसवत नाहीये. असा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं.

तू लीड्सला राहतेस, म्हणजे आपल्या कायद्याने अनिवासी. अनिवासी मालकाला भाडं देताना कर कापून सरकारात भरणं भाडेकरूवर बंधनकारक आहे, भाडं कितीही कमी असो. दर 30 टक्के, त्यावर 4 टक्के उपकर, मिळून 31.2. मालक इथेच राहत असेल, तर महिन्याचं भाडं 50,000 च्या वर गेल्याशिवाय साध्या घरगुती भाडेकरूला काही कापावं लागत नाही, आणि त्यापुढेही फक्त 2 टक्के. एवढा फरक का? इथल्या मालकाने कर बुडवला तर आयकर खातं त्याच्या दारात जाऊ शकतं. लीड्सच्या दारात कोण जाणार? म्हणून पैसा देशाबाहेर जाण्याआधी ज्याच्या हातात असतो, त्यालाच वसुलीला बसवलंय. त्याला कर कापणाऱ्याचा टॅन नंबर काढावा लागतो, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत रक्कम भरावी लागते, दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. चुकला तर व्याज त्याच्या माथी. एवढी उस्तवार नको म्हणून कितीतरी जण एनआरआय मालकाचं घर घेतच नाहीत. तेव्हा ‘आईच्या खात्यावर टाका, कापू नका’ असं त्याला चुकूनही सुचवू नकोस. फ्लॅट तुझ्या नावावर आहे, उत्पन्न तुझंच धरलं जाणार.

आता खरी गोष्ट ऐक. ही कपात म्हणजे तुझा शेवटचा कर नव्हे. वर्षाचं भाडं 3,60,000. तू भरलेला महापालिकेचा कर, समजा 12,000, वजा. उरलेल्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी सरसकट 30 टक्के वजा; एक रुपया खर्च केला नसलास तरी ही वजावट मिळते. हाती राहिले 2,43,600. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे भारतात तुझं दुसरं उत्पन्न नसेल, तर कापलेले 1,12,320 सगळेच्या सगळे परत मिळतील. पण रिटर्न भरलंस तरच! हे न कळल्याने लोक दरवर्षी हक्काचे पैसे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणि ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ ही बातमी तुझ्यासाठी नाही; ती सवलत निवासींनाच आहे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्येच कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करू, म्हणजे पैसे अडकणार नाहीत.

तिकडेही हे भाडं दाखवायचं की नाही, ते तिथल्या सल्लागाराला विचार. दोन्ही देशांमधल्या कर-करारानुसार इथे भरलेल्या कराचं श्रेय तिथे मिळतं, पण परतावा म्हणून मिळालेली रक्कम त्यात धरता येत नाही. तिथलं करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं, आपलं 1 एप्रिलला, तेवढं सांभाळ. आणि परदेशातल्या घरमालकाच्या भाड्यातून तिथेही एजंटाला किंवा भाडेकरूला कर कापावा लागतो बरं का.

आयकर पोर्टलवर तुझ्या पॅनसमोर कपात जमा दिसते का ते या शनिवारी बघ, आणि भाडेकरूकडून या कपातीचं, म्हणजे टीडीएसचं, प्रमाणपत्र मागून मला पाठव. 31 जुलैच्या आत रिटर्न भरून टाकू.

तुझी,
मावशी