पहिले सतरा दिवस



आपल्या संप्रदायातली तरुण मुले हल्ली विमानाने परदेशी जाऊ लागली आहेत. तिकडच्या मराठी मंडळींना आषाढी-कार्तिकीला कीर्तन हवे असते, आणि ते हवेसे वाटते ही आनंदाची गोष्ट आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे चार वर्षे राहून शिकलेला एक मुलगा निघण्यापूर्वी पाया पडायला आला. म्हणाला, "महाराज, तिथे गेल्यावर पहिले दिवस कसे काढावेत ते सांगा." मी कधी समुद्र ओलांडला नाही. माझी धाव पंढरी, आळंदी, देहू, पैठण. फार तर काशी आणि एकदा नामदेवरायांचे घुमान. तेव्हा मी त्याला एका परक्या माणसाची गोष्ट सांगितली. ती इथे जरा विस्ताराने मांडतो. हा माणूस आपल्या संप्रदायाचा नव्हे, धर्माचाही नव्हे. ज्यांनी गोव्यात आपली देवळे पाडली त्यांच्याच गलबतातून तो आला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला फसवल्यासारखे वाटायला नको.

त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. गोव्यात त्याला पाद्री एस्तेव्हांव म्हणत. इंग्लंडात विल्टशायर परगण्यात जन्म, बाप लंडनचा व्यापारी. तिशीच्या उंबरठ्यावर असताना हा जेझुइट संघाचा माणूस ४ एप्रिल १५७९ या दिवशी पोर्तुगालच्या लिस्बन बंदरातून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. आपल्या हिशेबाने शके १५०१. त्या वेळी पैठणला नाथमहाराज विद्यमान होते. त्यांचे भागवत काशीला पूर्ण होऊन सहा वर्षे झाली होती आणि ज्ञानेश्वरीच्या शुद्धीचे काम पूर्ण व्हायला अजून पाच वर्षे होती. एकाच वेळी महाराष्ट्राच्या एका टोकाला ओवी घासूनपुसून लख्ख केली जात होती आणि दुसऱ्या टोकाला, समुद्रातून, ती ओवी अजून कानावरही न पडलेला एक माणूस किनाऱ्याला लागत होता. मला हा योग विलक्षण वाटतो.

गोव्याला पोचल्यावर सतराव्या दिवशी, १० नोव्हेंबरला, त्याने वडिलांना पत्र लिहिले. ते टिकून राहिले, कारण हॅक्लुइट नावाच्या गृहस्थाने आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात ते छापले. आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी मला ते ओळीओळीने मराठीत सांगितले, तेव्हा मी ते एका बैठकीत दोनदा ऐकले. आरंभी वडिलांचा आशीर्वाद मागितला आहे, आईला नमस्कार सांगितला आहे. म्हणजे आपल्याकडचे पत्र जसे सुरू होते तसेच.

पत्राचा मोठा भाग प्रवासाचा. पाच जहाजे निघाली, कर्णे वाजले, तोफा उडाल्या. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. जुलैच्या अखेरीस दक्षिणेच्या टोकापाशी जहाज खडकांच्या इतके जवळ गेले की सर्वांनी आशा सोडली. उतरावे तर किनाऱ्यावर हिंस्र पशू आणि परक्याला जिवे मारणारी माणसे, असे खलाशी सांगत. तेव्हा देव आणि आपले निर्मळ मन याखेरीज आधार उरला नाही, असे तो लिहितो. मग वारा फिरला. पुढे हिरड्या सुजण्याचा, पाय सुजण्याचा, अंग ठणकण्याचा तो समुद्रातला रोग आला. सुमारे दीडशे माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. इतर वर्षांच्या मानाने हे थोडेच, असे जहाजावरची माणसे म्हणत. बापाला लिहिलेल्या पत्रात हा आकडा लिहिताना त्या मुलाचा हात थबकला असेल का, एवढे मात्र माझ्या मनात येऊन गेले.

भारत जवळ आला असे वाटले तेव्हा प्रवाहाने जहाज भलतीकडे, सोकोत्रा बेटाकडे नेले होते. पूर्व-पश्चिम जाताना आकाशात धरायला स्थिर असा एकही बिंदू नाही, म्हणून दिशा चुकते, असे त्याने वडिलांना समजावले आहे. आपल्याला ध्रुवाचा दृष्टांत ठाऊक आहे. ध्रुव उत्तर दाखवतो. आपण किती पुढे आलो हे तो सांगत नाही. कीर्तनात हा दृष्टांत मी कधी वापरला नाही. आता आवाज गेला, नाहीतर वापरला असता. शेवटी किनाऱ्याच्या खुणा दिसू लागल्या. आधी इकडचे पक्षी, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या फांद्या आणि गवत, मग पोहणारे साप.

आणि मग गोवा. हा भाग पत्रात थोडा आहे, पण मला तोच मोलाचा वाटतो. आपले स्वागत फार मायेने झाले, असे तो सांगतो. माणसे सावळी आहेत. गरीब लोक कमरेच्या दोऱ्याला वीतभर कापड अडकवून फिरतात, बाकी अंग उघडे. इथवर कोणीही परका लिहील. पण त्यापुढे तो असे म्हणतो की, आम्हाला आमच्या साऱ्या साजशृंगारात जेवढे बरे वाटते तेवढेच त्यांना तेवढ्याशा कापडात वाटते. सतरा दिवसांत तिशीच्या माणसाला हे दिसले. लंगोटी पाहून हसणारे पुष्कळ असतात. ती नेसणाऱ्याला आपण नीटनेटके आहोत असेच वाटते हे ओळखणारा थोडा. झाडांविषयी लिहितो की, द्राक्षाचा वेल सोडला तर युरोपात पाहिलेले एकही झाड इथे दिसले नाही, आणि फळाझाडांचे सांगत बसलो तर एवढेच लांब दुसरे पत्र होईल. प्यायला चांगले पाणी, माडाची ताडी, नारळ. बस्स. प्रकृती राहिली तर पुन्हा लिहीन.

या सतरा दिवसांत त्याने कुणाला काही शिकवल्याचे पत्रात नाही. पाहिले, प्यायले, मोजले, लिहिले. मी त्या मुलाला हेच सांगितले की, बाबा, पहिले पंधरा-वीस दिवस टाळ पिशवीत ठेव. आधी पाणी कोणते पितात ते बघ.

मला हे थोडे अनुभवानेही कळले आहे. विशीत असताना गुरुजींनी मला सीमाभागातल्या एका गावी चातुर्मासासाठी धाडले. गावात विठोबाचे देऊळ, एकादशी चोख, पण घराघरांत बोलणे कानडी. अभंग लोकांना पाठ, निरूपण मात्र निम्म्यांच्या डोक्यावरून जाई. ज्यांच्या ओसरीवर उतरलो होतो त्या घरची म्हातारी, सारे तिला अव्वा म्हणत, रोज रात्री विचारी, "ऊटा आतेन्री?" जेवण झाले का, एवढाच अर्थ. पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून पाण्याला, भाकरीला, मिठाला काय म्हणतात ते शिकलो, आणि चौथ्या दिवशी कीर्तनात ते तीन शब्द घातले. मंडप हसला, पण जवळ सरकून बसला. आपल्या विठोबालाच संतांनी कानडा म्हटले आहे. त्याच्या गावची भाषा तोंडात येईना तर बिघडले कुठे आणि कुणाचे, हे तेव्हा समजले.

पण माझी आणि स्टीफन्सची गोष्ट एका मापाने मोजता येत नाही, आणि इथे मला थांबून बोलले पाहिजे. मी गेलो तिथे देव आधीच विटेवर उभा होता. स्टीफन्स उतरला त्या साष्टीत देवच उरले नव्हते. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय बसले, त्याला इन्क्विझिशन म्हणत. त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे सरसकट पाडली गेली. आणि हा सात समुद्रांपलीकडून आला होता तो कुठून? जिथे त्याच्या स्वतःच्या पंथाची उपासना कायद्याने बंद होती अशा इंग्लंडातून. त्याच्याबरोबर संघात जायला निघालेला त्याचा मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटा रोमला पोचला. उपासना हिरावली की माणसाचे काय होते, हे ज्याला घरातच ठाऊक होते तो अशा राज्याच्या आश्रयाने राहिला की ज्याने दुसऱ्यांची उपासना हिरावली. हा गुंता मला सुटत नाही. तो सुटला असे दाखवून मी कुणाला गोड निरूपण ऐकवणार नाही.

त्याला हा गुंता जवळून पाहावाही लागला. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना कापले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, गोव्यात उतरल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, त्याने भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. त्यात एक वाक्य आमच्या भाषांविषयी आहे. इकडच्या भाषा पुष्कळ, त्यांचा उच्चार कानाला वाईट लागत नाही, आणि त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे, असा त्याचा आशय. आजचे भाषापंडित यालाच एका मोठ्या शोधाची चाहूल मानतात. मला त्यातला कान दिसतो. चहूकडे रक्त सांडलेले असताना या माणसाचा कान शब्दांकडे लागलेला होता. हे बरे की वाईट, मी ठरवत नाही.

पुढची सुमारे छत्तीस वर्षे तो बहुतेक साष्टीतच राहिला. कोकणीचे व्याकरण लिहिले. ते तो गेल्यावर १६४० साली रायतूरला छापले गेले. आणि मराठीत त्याने जो मोठा ग्रंथ केला तो ख्रिस्तपुराण. सुमारे अकरा हजार ओव्या. होय, ओव्याच. स्वर्गाला त्याने शब्द घेतला वैकुंठ. मराठीच्या स्तुतीच्या त्याच्या ओव्या आपली मुले शाळेत वाचतात, कुणी लिहिल्या हे विसरून.

हा ग्रंथ का झाला, याचे कारण ग्रंथाच्या आरंभीच आले आहे, आणि ते वाचताना माझ्यासारख्या कीर्तनकाराच्या पोटात कालवते. धर्म बदललेला एक ब्राह्मण पाद्रीला विनवतो. तुम्ही सांगता ते चांगले, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. मग तशीच पुराणे आम्हाला का करून देत नाही? आता हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. संध्याकाळी दिवा लागला की ज्या घरात पोथी सुटायची, एकाने वाचायची आणि दहांनी ऐकायची, त्या घरातली पोथी गेली आहे. दिवा तोच आहे, वेळ तीच आहे, माणसे तीच आहेत. कानाला सवय झालेली आहे आणि कानात घालायला काही नाही. देव बदलायला लावता आला, पण संध्याकाळ बदलता आली नाही. ज्या माणसाने एवढे ऐकून घेतले आणि त्यांना त्यांच्याच चालीत गाता येईल असे काही लिहिण्यासाठी उरलेले आयुष्य घातले, त्याला मी परका म्हणू शकत नाही. आणि ज्यांनी ती पोथी काढून नेली त्यांना क्षमा करण्याचा अधिकारही मला नाही. तो त्या घरांचा.

आमच्या फडावरचे एक बुवा मला एकदा म्हणाले होते, "ओवी कुणाचीही असो, पाट नीट काढला की पाणी वाहणारच." मी म्हटले, बुवा, पाट खरा, पण वरची विहीर कुणी बुजवली तेही सांगावे लागते.

१६०८ साली, आता साठीच्या घरात आल्यावर, स्टीफन्सने आपल्या रोममधल्या वरिष्ठांना विनंती केली की इथल्या भाषेत, इथल्याच लिपीत छापलेले पुस्तक मरण्यापूर्वी पाहावे अशी इच्छा आहे. अडचण त्यानेच मांडली होती: रोमी अक्षरांना दोन डझन ठसे पुरतात, आपल्या लिपीला जोडाक्षरांसह सहाशेच्या घरात लागतील. ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण रायतूरला छापून निघाले ते रोमी लिपीत. तीन वर्षांनी तो गेला. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने तिथल्या लोकांची भाषाच बोलू नये असा हुकूम काढला. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आता उरलेली नाही. ग्रंथ जगला तो माणसांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांवर आणि तोंडी म्हणण्यावर.

सबंध ग्रंथ देवनागरी अक्षरांत छापून आला तो १९५६ साली, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या हातून. माझ्याकडे आहे ती त्याच आवृत्तीची प्रत. पाने पिवळी झाली आहेत, शिवण सुटली आहे. ज्ञानेश्वरी आणि नाथांच्या भागवताशेजारी फळीवर तिला जागा दिली आहे, आणि परदेशी गेलेला तो मुलगा परत आला की पहिल्यांदा तीच मागणार असे सांगून गेला आहे.