रिपोर्ट नॉर्मल, अंगात त्राण नाही

व्हेपनं, म्हणजे ई-सिगारेटनं, तरतरी येते, हे खरं आहे. हे आधीच मान्य करते, कारण जो हे नाकारतो त्याचं पुढचं काही रात्रपाळी करणारा माणूस ऐकूनच घेत नाही. ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये पहाटे अडीचच्या सुमारास हेडफोनवर अमेरिकेतला चिडलेला ग्राहक होता आणि माझे डोळे मिटत होते. तेव्हा टीममधल्या मैत्रिणीनं पेनाएवढं यंत्र पुढे केलं. आंब्याचा वास, ना राख ना काडेपेटी. दोन झुरके घेतले आणि डोळे लख्ख उघडले. निकोटिन फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूत पोचतं, अ‍ॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते. शरीर खरोखरच जागं होतं.

सिगारेट मी कधी ओढली नव्हती. घणसोलीतल्या आमच्या वन बीएचकेमध्ये तिचा वास आईच्या नाकातून सुटला नसता. व्हेपचा वास मात्र तिला लिपबामचा वाटायचा. त्यामुळे ते यंत्र ऑफिसच्या वॉशरूममधून कॅबमध्ये आलं, कॅबमधून घरी आणि मग उशीखाली.

थकवा असा चोरपावलांनी आला की तो कशाचा हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यानं घरी यायचं, पडदे ओढून झोपायचं आणि दुपारी उठताना हातपाय शिसं भरल्यासारखे जड. भूक मेली होती. आईनं दिलेला डबा पहाटे तसाच परत यायचा. तोंड सतत कोरडं पडायचं. पावसाळ्यात आम्ही मैत्रिणी गवळीदेवच्या डोंगरावर जातो. ज्या चढावर पूर्वी मी पुढे असायचे, तिथं मी दगडावर बसून श्वास जमवत होते. आत्या म्हणाली, "रात्रपाळी बाईच्या अंगाला मानवत नाही." सगळ्यांना ते पटलं, मलाही.

वाशीच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, डी अशा तपासण्या सांगितल्या. डी जीवनसत्त्व थोडं कमी निघालं, त्याची पावडर सुरू झाली. बाकी रिपोर्ट नॉर्मल. त्यांनी विचारलं होतं, "सिगारेट, तंबाखू, दारू?" मी नाही म्हणाले, आणि विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर होतं. व्हेपबद्दल त्यांनी विचारलं नाही. माझ्या मनात तर व्हेप सिगारेटच्या रांगेत नव्हतंच.

एका रात्री पॉड, म्हणजे व्हेपमधली निकोटिनच्या द्रवाची कुपी, संपला आणि विकणाऱ्याचा फोन बंद लागला. तीन वाजेपर्यंत मला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. समोरच्या स्क्रीनवरची ओळ वाचून अर्थ लागेना, चिडचिड होऊ लागली. चार वाजता मैत्रिणीच्या व्हेपचा झुरका घेतला आणि मिनिटभरात सगळं निवळलं. झोप झालेली नव्हती, पोटात अन्न नव्हतं, तरी निवळलं. मग गेलं ते काय होतं?

याचं उत्तर तंबाखूमुक्तीसाठी मदत करणाऱ्या एका समुपदेशक ताईंनी दिलं. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. ते रोज मिळू लागलं की मेंदू त्याची सोय करून घेतो. त्याला पकडणाऱ्या जागा वाढतात आणि पातळी उतरली की त्या रिकाम्या जागा कुरकुर करू लागतात. ती कुरकुर म्हणजेच सुस्ती, बधिर डोकं, लक्ष न लागणं. पुढचा झुरका ती थांबवतो आणि आपण म्हणतो, एनर्जी आली. "तुला मिळतंय ते तुझंच, आधी काढून घेतलेलं," असं त्या म्हणाल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हेच एक वाक्य शाळा-कॉलेजांच्या भिंतीवर लिहायला हवं.

सिगारेटचंही असंच होतं, पण सिगारेट संपते. ती ओढायला जिना उतरावा लागतो, पाच मिनिटं द्यावी लागतात. व्हेपला शेवट नाही. माझ्या पॉडवर ५ टक्के असं छापलेलं होतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. त्यातलं सगळं रक्तात उतरत नाही. पण एका सिगारेटमधून शरीराला साधारण एक ते दोन मिलिग्रॅमच मिळतं, हे कळल्यावर त्या आकड्याचा अर्थ लागला. शिवाय हे निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, घशाला झोंबत नाही, त्यामुळे किती ओढलं याची शरीर खूणही देत नाही.

झोपेचं गणितही तेव्हा उलगडलं. कॅबमध्ये शेवटचे झुरके घेऊन मी अंथरुणावर पडायचे, म्हणजे उत्तेजक अंगात असताना. झोप उशिरा लागायची आणि उथळ लागायची. झोपेत पातळी उतरत जायची, म्हणून उठतानाच मी तलफेत असायचे. डोळे उघडण्याआधी हात उशीखाली जायचा.

शेवटी व्हेप सोडलं, तेव्हा पहिले दिवस अवघड गेले. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट असतो असं ताईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून रजा टाकली होती. डोकं दुखलं, रडू आलं, भूक मात्र वेड्यासारखी लागली. दोन मिलिग्रॅमच्या निकोटिन गमचा आधार झाला. तो सारखा चघळायचा नसतो. तिखट लागला की गालात धरून ठेवायचा. काही आठवड्यांनी झोप आतपर्यंत लागायला लागली. रात्रपाळी अजून आहे आणि तिचा थकवाही आहे, पण हा थकवा झोपल्यावर जातो.

भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही रात्रपाळीच्या टेबलांवर ती आहे, आणि चोरून येणाऱ्या पॉडमध्ये नेमकं काय भरलंय हे तपासणारं कुणी नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती आहे. तरुण मुलगा-मुलगी थकव्याची तक्रार घेऊन आली तर सिगारेटच्या पुढे "व्हेप?" हा एक शब्द विचारा. आणि ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल येतात पण अंगात त्राण नाही, त्यांनी डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगावं. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे.